पुसलेली नऊ माणसं

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता माणसाला काय विकावं, असं कोणी मला विचारलं तर मी सांगेन, बर्फ. खायचा नव्हे, भिंतीवर टांगायचा. मी तो पुष्कळ विकला आहे, आणि प्रत्येक बर्फात एक जुनं जहाज अडकवून दिलं आहे. समुद्र मात्र मी आजतागायत पाहिलेला नाही. आमच्याकडे पाण्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नळ येण्याची वेळ.

जठारपेठेत आमचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलं, ह्यांनी वाढवलं आणि धाकट्या दिराच्या मते मी बिघडवलं. नांदगाव खंडेश्वरहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, फ्रेमच्या दुकानात देव विकतात. देव विकायचे, पण धंदा चालायचा तो गेलेल्या माणसांवर. तेरावं जवळ आलं की घरातला कोणीतरी रेशनच्या कार्डावरचा नाहीतर कुणाच्या वरातीतला फोटो घेऊन यायचा. त्यात आजोबा चौथ्या रांगेत, अर्धे मांडवाच्या खांबामागे. तेवढं डोकं वेगळं काढायचं, मोठं करायचं, चिरा-घड्या-बुरशी झाकायची, खांबाआडचा कान अंदाजाने काढायचा. याला आमच्यात टचिंग म्हणतात. शून्य नंबरचा ब्रश, त्याचं टोक ओठात धरून बारीक करायचं, आणि श्वास रोखून एकेक ठिपका भरायचा. ते मी शिकले आणि दोन वर्षांत माझ्या डोक्यात हवा गेली. जठारपेठेतल्या निम्म्या आजोबांच्या भुवया माझ्या हातच्या आहेत. सगळ्या एका वळणाच्या, माझ्या वडिलांसारख्या. कोणी ओळखलं नाही.

एका सुनेने ओळखलं. फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "हे आमचे मामंजी नोयेत."

"असं कसं? तूच फोटो दिला."

"चेहरा त्याइचाच हाय. पन नाकावरचा मस कुठी गेला?"

मस म्हणजे तीळ. मी त्याला बुरशी समजून पुसला होता. वर तोऱ्यात म्हटलं, "बरं झालं की. आता देखणे दिसतात." ती बाई म्हणाली, "देखनं कोनाले पाह्यजे होतं? मामंजी पाह्यजे होते." मी मस परत काढून दिला, पण मनात म्हटलं, काय अडाणी बाई आहे. तेव्हा कोण अडाणी होतं ते कळायला मला पुढची चाळीस वर्षं लागली.

हे गेल्यावर मुलांनी दुकान विकायचं काढलं. मी उलट कॅनव्हासवर छापायचं मशीन घेतलं. वय अठ्ठावन्न. कॉम्प्युटरचा उंदीर हातात धरायला तीन आठवडे गेले, पण एकदा टचिंग पडद्यावर करता येतं हे कळल्यावर मला आवरणं कठीण झालं. ब्रश नको, रंग नको, श्वास रोखायला नको. डाग दिसला की टिचकी मारायची, डाग गायब. मी डाग शोधत फिरायची. नातवाच्या बारशाच्या फोटोत त्याच्या गालाची तीट पुसली म्हणून सूनबाई आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलली.

कॅनव्हास म्हणजे काय ते सांगते. जाड कापडावर फोटो छापतात, मग लाकडी चौकटीवर ते कापड चारी बाजूंनी ताणून मागे पिना मारतात. काच नाही, पट्टी नाही. चौकटीला जाडी असते, म्हणून चित्राच्या कडा बाजूवर वळतात. समोरून बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत. लोकांना हे पटायचं नाही. "अर्ध्या बोटाचं चित्र बाजूले कायले वाया घालता?" असं विचारायचे.

जहाजं आली ती अमरावतीहून. तिथे एकाला आइस्क्रीमचं दुकान टाकायचं होतं आणि भिंतीवर बर्फ हवा होता. मी बर्फाचे डोंगर छापून दिले. तो दुसऱ्या दिवशी परत. "काकू, नुसता बर्फ लावला तर गिऱ्हाइक म्हनते चुना कधी मारला? मधात काहीतरी काळं पाह्यजे." मग मी शोधलं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांमागची ती जहाजं सापडली. ध्रुवाकडे निघालेली, लाकडी, शिडांची, बर्फात रुतून बसलेली. फोटो इतके जुने की कुणाची परवानगी लागत नव्हती. आइस्क्रीमवाल्याने चार लावली. ती पाहून एका डॉक्टरने लावलं, मग एका कापडवाल्याने. दुकानाचा पंखा बंद असला तरी गिऱ्हाइकाला गार वाटतं, असं त्याचं म्हणणं.

मी त्यांच्याबद्दल वाचायलाही लागले. एका जहाजाचं बूड मुद्दाम वाटीसारखं गोल केलं होतं. बर्फ दोन्हीकडून आवळायला लागला की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जावं म्हणून. मी गिऱ्हाइकाला दाखवायची, लिंबाची बी चिमटीत दाबली की कशी सटकते. गिऱ्हाइक खूश. मला तर वाटायला लागलं, दक्षिण ध्रुव म्हणजे आपलं तेल्हारा. जाऊन आले नाही इतकंच.

या सगळ्यात एक जहाज माझं लाडकं. तीन डोलकाठ्या, दोरांवर बर्फ साचलेला, एका अंगावर किंचित कललेलं. ते शेवटी चिरडून बुडालं, पण त्यावरची माणसं सगळी घरी परतली. फोटोला बुरशी मात्र फार. बर्फावर काळे ठिपकेच ठिपके. मी एका बैठकीत सगळे साफ केले, आणि बर्फ असा निघाला की धुतलेलं धोतर बघावं. साफ केलेला फोटो जुन्यावरच जतन केला. जुना कशाला ठेवायचा, डागाळलेला? अठ्ठावन्न वर्षांच्या त्या शहाण्या पोरीला एवढी अक्कल होती. त्या फोटोचे पुढच्या आठ वर्षांत अकरा कॅनव्हास गेले.

बारावा मागायला सुखदेवभाऊ आले. तेल्हाऱ्याकडचे माळी. झेंडू-शेवंतीची गाडी घेऊन पहाटे अकोल्याच्या बाजारात यायचे. दुकानात शिरले तर अंगाला शेवंतीचा वास.

"काकू, बर्फातलं जहाज पाह्यजे होतं."

"या. आइस्क्रीमचं दुकान टाकून राहिले काय?"

"नाई जी. बायकोसाठी पाह्यजे."

इतक्या वर्षांत बायकोसाठी जहाज कोणी नेलं नव्हतं. मी खुर्ची पुढे केली. मग कळलं, त्यांचा मुलगा संतोष डिझेल इंजिनचा मेकॅनिक. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात आपल्या देशाचं जे केंद्र आहे, तिथे तो जनरेटर सांभाळायला गेला होता. सव्वा वर्षासाठी. आई, वत्सलाबाई, आधी गावभर पेढे वाटत फिरली. मग शेजारच्या कुणीतरी मोबाइलवर वाचून तिला सांगितलं की तिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्यच उगवत नाही, आणि तेवढे महिने तिथून कुणाला बाहेर काढता येत नाही.

"तवापासून तिनं फुलं तोडाले येनं सोडलं," सुखदेवभाऊ म्हणाले. "कोनासंग बोलत नाई. म्हनते, पोरगं माह्यं अंधारात हाय अन् म्या उजेडात काहून बसू? दिवसा खिडक्या लावून घेते. सख्ख्या भाचीच्या लग्नाले नाई आली."

"फोन लागतो ना त्याचा?"

"लागते. तोच म्हनला, आई, इथं आमच्या जेवाच्या खोलीत एक जहाज लावून हाय. बर्फात अडकलं, बुडालं, पन सगळे मानसं घरी गेले. तवा ना फोन होता ना जनरेटर. मंग मले काय होते? त्यानं फोटो धाडला. पन मोबाइलवर तिले दिसत नाई. म्हनून मोठं करून द्या."

त्यांनी मोबाइल पुढे केला. मी चष्मा कपाळावरून खाली न घेता बघितलं. तीन डोलकाठ्या, कललेलं. म्हटलं, "हे होय! हे तर माझ्याकडे आहे. याच्यापेक्षा साफ आहे."

तीन दिवसांनी कॅनव्हास त्यांच्या रिकाम्या टोपल्यांसोबत तेल्हाऱ्याला गेला. चौथ्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज, नमस्कार नाही काही नाही.

"जहाजवाली काय?"

"हो, बोला."

"मानसं कुठी हायेत?"

"कोणती माणसं?"

"नऊ मानसं हायेत म्हने बर्फावर. संतोष म्हनला, आई, चित्र आलं का मोज. नऊच्या नऊ घरी गेले. सकायपासून चष्मा लावून मोजून रायली म्या. एकबी नाई." मग आवाज खाली गेला. "अन् चार दिवस झाले, पोराचा फोन नाई."

आणि मी काय केलं? मसवाल्या सुनेला उत्तर देणारी ती नवी नवरी माझ्या आतून अजून गेली नव्हती. मी म्हटलं, "ताई, मशीनमध्ये कधीकधी होतं असं."

पलीकडून, "मशीन मानसं खाते काय वं?" आणि फोन बंद.

सुखदेवभाऊंकडून मी तो मूळ फोटो मोबाइलवर मागवला. या वेळी चष्मा नाकावर घेतला आणि दोन बोटांनी ताणून बघितला. माझी बुरशी. एका ठिपक्याला हात होते, कमरेवर ठेवलेले. एक वाकून कुत्र्याच्या पाठीवर काहीतरी करत होता. दोघं शेजारी शेजारी उभे, गप्पा मारणारे. आणि प्रत्येकाच्या पायाशी एक लांब, करडी सावली. बुरशीला सावली नसते. एवढं कळायला आठ वर्षं आणि एक तेल्हाऱ्याची बाई लागली. सावल्याही मी पुसल्या होत्या, हे मी सांगायचं राहिलं. फार मेहनतीने पुसल्या होत्या.

मोबाइलवरून आलेला फोटो मोठा केला की त्याचे दाणे दाणे होतात, रांगोळी विस्कटल्यासारखे. तो छापून उपयोग नव्हता. आणि जुना मी स्वतःच्या हाताने मिटवलेला, आठ वर्षांमागे तो कुठून उतरवला होता तेही आता सापडेना. संतोषकडून मोठा मागवावा, तर संतोषचाच पत्ता नाही. सुखदेवभाऊ फोनवर म्हणाले, "वादळ असन जी तिकडं. तो म्हनलाच होता का वादळात लाइन जाते. पन हिले कोन सांगन? हिचं एकच, पयले पोराचा आवाज गेला, मंग मानसं गेले."

मी साफ केलेलंच जहाज पुन्हा छापलं, चौकटीवर ताणलं, आणि कपाटाच्या तळातून शून्य नंबरचा ब्रश काढला. आठ वर्षांत तो हातात धरला नव्हता. पहिला माणूस काढला तो माणूस कमी आणि कावळा जास्त दिसत होता. ओल्या बोळ्याने पुसला. पुन्हा काढला. मोबाइल एका बाजूला उभा करून एकेकाकडे बघायची, मग कॅनव्हासवर त्याची जागा मोजायची. कमरेवर हात ठेवणाऱ्याला अर्धा तास लागला. कुत्र्याला त्याहून जास्त. सूनबाईने जेवायला हाक मारली तर म्हटलं, थांब, दोघं अजून बर्फात यायचे आहेत. त्या दिवशी मी कुणाला देखणं केलं नाही. ज्याचा पाय आखूड दिसत होता त्याचा आखूडच ठेवला.

नववा अगदी फोटोच्या कडेला होता. चौकटीवर ताणल्यावर त्याची जागा बाजूच्या जाडीवर गेली होती. एरवी मी त्याला सोडला असता. कोण बाजूला बघतं? पण मशीन माणसं खात नाही. मी कॅनव्हास आडवा धरला आणि त्याला बाजूवर उभा केला.

दुसऱ्या दिवशी फुलांची गाडी येणार नव्हती. थांबवेना. जुन्या चादरीत जहाज गुंडाळलं आणि तेल्हाऱ्याची एसटी पकडली. कंडक्टरने वाट अडवली.

"आजी, हे काय दार घेऊन निघाल्या?"

"दार नाही. जहाज आहे."

"जहाज हाय तर पान्यातून न्या नं. एसटीत कायले?"

पण त्यानेच ते शेवटच्या बाकामागे उभं केलं आणि अकोटला गर्दी चढली तेव्हा ओरडला, "ओ पाव्हणे, टेकू नका! आजीचं जहाज बुडन!"

वत्सलाबाईंचं घर गावाबाहेर, फुलांच्या वाफ्यांना लागून. खिडक्या खरंच बंद. आत त्या खाटेवर बसलेल्या. माझ्याच वयाच्या निघाल्या, फक्त माझ्यापेक्षा हात कामाचे. समोरच्या भिंतीवर माझं साफ, धुतलेलं, बिनमाणसांचं जहाज. पहिल्यांदा मला ते कसं दिसतं ते दिसलं. घर सोडून सगळे निघून गेल्यासारखं.

सुखदेवभाऊंनी एक खिडकी उघडली. मी चादर सोडली. बाई जवळ आल्या, चष्मा पुसला आणि बोट लावून मोजायला लागल्या.

"एक. दोन. हा कुत्र्यापाशी, तीन." बोट हळूहळू सरकत होतं. "सात. आठ." बोट थांबलं. परत मागे गेलं. परत मोजलं. "आठ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक कमी हाय."

आदल्या दिवशी मोजून मोजून काढलेला माणूस, आणि त्या क्षणी मला काही आठवेना. खरंच सांगते, मी माझ्याच चित्रात त्याला शोधत होते. सुखदेवभाऊ खाली बघत होते. मग एकदम डोक्यात उजेड पडला आणि मी कॅनव्हास तिरपा केला.

"हा इथं. बाजूले उभा हाय." माझी नांदगावची बोली तोंडातून कधी निघाली कळलंही नाही.

बाईंनी वाकून पाहिलं. बोट त्याच्या डोक्यावर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. आणि म्हणाल्या, "हा संतोष. फोटो काढाचा म्हटलं का असाच कडेले जाऊन उभा रायते गाढव."

सुखदेवभाऊ हसले, मग मी हसले, मग बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. पदराने तोंड पुसून त्यांनी मला विचारलं, "आंधी काहून नोयते हे?"

मशीन म्हणायची संधी पुन्हा चालून आली होती. मी म्हटलं, "मी पुसले. मला वाटलं मळ आहे."

"मानसं मळ वाटले तुले?"

"वाटले."

"अन् हे कोठून आनले?"

"फोटोत पाहून हातानं काढले."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "डोये दाखव अकोल्याले," म्हणाल्या. "अन् बस. चहा टाकते." उठून जाता जाता त्यांनी उरलेल्या दोन खिडक्या उघडल्या.

संतोषचा फोन त्यानंतर दोन दिवसांनी आला. वादळच होतं. वत्सलाबाईंनी मला मुद्दाम कळवलं, त्याही वेळी नमस्कार नाही: "आला फोन. तिकडं बेसन करून खाऊन रायले." मी दुकानात खुर्चीवर बसले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला गणपतीऐवजी मारुती दिला.

मग मी अकराही जहाजवाल्यांकडे निरोप धाडला, की त्या फोटोत माणसं राहून गेली आहेत, फुकटात काढून देते. डॉक्टर आणि दोघंतिघं हो म्हणाले. अमरावतीचा आइस्क्रीमवाला म्हणाला, "राहू द्या काकू. कायले गर्दी करता?" त्याच्या भिंतीवर ते अजून रिकामंच आहे. अमरावतीला गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते आणि आइस्क्रीम घाईने संपवते. इतर फोटोंचं काय? चाळीस वर्षांत अजून किती मस, किती व्रण, किती तीट मी साफ केले असतील, त्यांच्या घरचे मला काही बोलले नाहीत, आणि आता विचारायला जायचं धाडस मला नाही.

दुकान आता सूनबाई बघते. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून सूचना करते आणि ती त्या ऐकत नाही. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "तुमच्या तेल्हाऱ्याच्या मैत्रीण."

"जहाजवाली काय?"

"हो. बोला वत्सलाबाई."

"आला."

"कधी?"

"काल सांजेले. दाढी वाढवून आला, कुत्रं भुकलं त्याच्यावर. जाडा झाला. बरं, आयक. ते जहाज घेऊन जाय."

मी हबकले. "काहून? काही बिघडलं काय त्याचं?"

"नाई वं. चांगलं हाय. पन म्या त्याले कायले पाहू आता? इतके महिने उठली का मोज, झोपाच्या आंधी मोज. डोये दुखले माह्ये. त्या खिळ्याले मले पोराचं जर्किन टांगाचं हाय."

चाळीस वर्षांत माझ्या दुकानातून गेलेलं चित्र कोणी असं परत केलं नव्हतं, आणि मला राग येण्याऐवजी पाय हलके झाल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "बरं, पाठवा गाडीत. पण संतोष काय करून राहिला? द्या ना त्याच्याकडे, दोन शब्द बोलते."

"त्याचं तोंड मोकळं नाई. चवथी भाकर हाय." मग लांबून, फोन कानापासून दूर नेऊन, "अरे ठेचा घे नं आनखी!" आणि पुन्हा मला, "ठेव बाई आता. तव्यावरची जळून रायली."